सोवळ्यातले जावई

आम्ही दोघं सहा महिने सांताक्रूझला लेकीकडे चाललोय, असं सांगितल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दादरला गाडी बदलायला लागेल तुम्हाला." त्यांचा दोष नाही. डोंबिवलीतल्या माणसाचं जग दादरला गाडी बदलल्याशिवाय पुढे सरकतच नाही. पण आमची लेक राहते ते सांता क्रूझ कॅलिफोर्नियातलं. सॅन फ्रान्सिस्कोपासून मोटारीने दीड-दोन तास दक्षिणेला, माँटेरेच्या उपसागराच्या उत्तर टोकाला. गावात विद्यापीठ आहे, समुद्रात लांबवर शिरलेला लाकडी धक्का आहे, त्या धक्क्याखाली रात्रभर भुंकणारे समुद्रसिंह आहेत आणि काखेत फळी मारून लाटांवर उभी राहायला जाणारी माणसं आहेत. या शेवटच्या वर्गात आमचे जावई मोडतात.

गावाला हे खूळ 1885 साली लागलं. हवाईच्या राजघराण्यातले तीन भाऊ तेव्हा सॅन मटेओच्या शाळेत शिकत होते. सुट्टीत ते इथे आले, इथल्याच रेडवूडच्या लाकडाच्या भल्यामोठ्या फळ्या त्यांनी करून घेतल्या आणि सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उभे राहिले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असं कुणी केल्याची ही पहिली नोंद. सुट्टी संपल्यावर राजपुत्र शहाण्यासारखे शाळेत परत गेले. आमचे जावई अजून परतायचे आहेत.

जावई मूळचे नाशिकचे, पंचवटीतले. त्यांच्या आजींचं सोवळं फार कडक होतं. सोवळ्याचं लुगडं काठीने उंच दांडीवर वाळत घालायचं आणि नातवंडांनी त्याच्या सावलीतूनही जायचं नाही. या सगळ्याला विटून जावयांनी बारावीतच जाहीर केलं की आपण काही मानत नाही. लग्नाच्या बोलणीतही त्यांनी मला ते आवर्जून सांगितलं होतं, "आई, मी अजिबात धार्मिक नाही हं." मला ते आवडलं होतं. इतका कर्मठ माणूस मी माझ्या 65 वर्षांत पाहिलेला नाही, हे पुढे त्यांच्या घरी राहिल्यावर कळलं.

पहाटे साडेचारला उठतात. दिवा लावत नाहीत. अंधारात आधी पंचांग बघतात. हे पंचांग मोबाइलमध्ये असतं आणि त्यात लाटेची उंची, दोन लाटांमधला काळ, लाटेची दिशा, वारा आणि भरती-ओहोटी अशी पाच अंगं असतात. आठ सेकंदांनी येणारी लाट म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली, तकलादू. पंधरा-सोळा सेकंदांनी येणारी म्हणजे दूरच्या वादळातून निघालेली, खानदानी. उन्हाळ्यात ही खानदानी लाट थेट न्यूझीलंडच्या बाजूने येते. तिकडे थंडीतलं वादळ होतं आणि आठवडाभराने ती इकडे पोचते. त्यामुळे दक्षिण गोलार्धात जहाजं हेलकावे खाऊ लागली की आमच्या घरात चैतन्य येतं. एका रात्री जावई जेवताना लेकीला हळूच म्हणाले, "मंगळवारी येतेय." ह्यांना वाटलं, विहीणबाईच येतायत नाशिकहून. ह्यांनी लगेच आपली खोली आवरायला घेतली.

मुहूर्त पहाटेचाच लागतो, कारण दुपारी वायव्येचा वारा सुटला की सगळ्या लाटा विस्कटतात. कचेरीची मीटिंग त्या वेळी असेल तर ती पुढे ढकलली जाते. मुहूर्त पुढे ढकलला जात नाही.

आता माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे भरतीच्या बाबतीत मी अगदीच अडाणी नाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आमचे बाबा हा हिशेब पानाला चुना लावता लावता करत. मी जावयांना तो शिकवला. त्यांनी भक्तिभावाने लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलशी ताडून पाहिला. जुळला नाही. शिवाय तिथे दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात, एक दणदणीत आणि दुसरी नावापुरती. कोकणचा हिशेब पॅसिफिकला लागू पडत नाही यात दोष पॅसिफिकचा आहे, असं माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही.

पंचांगानंतर सोवळं. तिथला समुद्र भर उन्हाळ्यातही तेरा-चौदा अंशांचा असतो, कारण तळाचं गार पाणी वाऱ्यामुळे वर येत राहतं. इतकं गार पाणी आपल्याकडे बाटलीत भरून विकतात. त्यात दोन तास बसायचं म्हणजे अंगभर रबराचा सूट हवा, छातीशी चार मिलिमीटर जाड, हातापायांशी तीन. या सूटचा प्रसार ज्यांनी केला ते जॅक ओनील याच गावचे. 1952 साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला दुकान काढलं आणि 1959 साली ते इथे आले. फळी वाहून जाऊ नये म्हणून ती दोरीने बांधून ठेवायची कल्पना त्यांच्या मुलाची. दोरी रबरी होती. 1971 साली ती ताणली गेली, फळी उलट फिरली आणि जॅक ओनीलांचा डावा डोळा गेला. मुलांच्या कर्तबगारीची किंमत आईबाप मोजतात ती अशी. पुढे डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला त्यांचा दाढीवाला चेहरा हीच कंपनीची खूण झाली. गावात जिथे पाहावं तिथे तो असतो आणि जावई त्याच्याकडे कसे बघतात ते मी सांगत नाही.

हे सोवळं नेसणं सोपं नाही. पाय रबरात शिरता शिरत नाही. त्यावर उपाय म्हणजे पायात आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, मग तो सुर्रकन सरकतो. म्हणून जावई कोथिंबिरीच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, घड्या घालून, स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या खणात ठेवतात. अमेरिकेत जाऊन पिशव्या जपून ठेवणारं कुणीतरी आपल्या कुटुंबात आलंय हे पाहून मला भरून आलं. लेक या बाबतीत अगदीच उधळी आहे.

नियम पुढे ऐका. सूट मशीनमध्ये टाकायचा नाही. उन्हात घालायचा नाही. घरी आल्याबरोबर गोड्या पाण्यात खळबळायचा, उलटा करायचा, सावलीत जाड दांडीवर टाकायचा आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. पहाटेपर्यंत वाळला नाही तर ओलेत्यानेच निघायचं. कपडे बदलायचे ते समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये, डोक्यातून घातलेल्या टॉवेलच्या आत, चारचौघांत आणि तरी कुणाला काही न दिसता. नाशिकच्या आजी असत्या तर त्यांनी या पोराला पोटाशी धरलं असतं.

असं महिनाभर चाललं होतं. मीही कौतुकाने त्या सूटच्या आसपास वावरत होते. मग एके दिवशी लेकीने भांडी पुसता पुसता सहज सांगितलं की दोन दोन तास गार पाण्यात बसल्यावर माणसाला जे होतं ते होतंच, त्यासाठी कुणी किनाऱ्यावर येत नाही, सगळे जण सूटमध्येच मोकळे होतात आणि उलट ऊबच येते म्हणतात. त्या दिवसापासून ते सोवळं मीही कडक पाळलं. त्याच्या सावलीतूनही गेले नाही.

फळीला लेप लावायचा विधी वेगळा. पाय घसरू नयेत म्हणून तिच्यावर मेण घासतात. हे मेण पाण्याच्या तापमानाप्रमाणे वेगवेगळं मिळतं. गार पाण्याचं मऊ असतं आणि उष्ण पाण्याचं कडक. रंगाने पांढरंशुभ्र, आणि वासाला थेट ओलं खोबरं. आमचे हे सकाळच्या चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला शोधत होते. बशीत दोन वड्या दिसल्या. पहिला घास घेतल्यावर हे बराच वेळ गप्प बसले आणि मग मला म्हणाले, "साखर कमी पडलीय का?" लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर नवरा माझ्या नारळाच्या वड्यांबद्दल इतक्या हलक्या आवाजात बोलतो, याचं मला जास्त वाईट वाटलं.

वेस्ट क्लिफ या समुद्रकड्याच्या कठड्याशी उभं राहून आम्ही रोज जावयांना बघायचो. खाली स्टीमर लेन नावाची नामांकित जागा आहे. बघायला गेलेल्या माणसाची पहिली निराशा अशी की लाटेवर कुणी फारसं नसतंच. दोन तासांतला बहुतेक वेळ माणसं हाताने वल्हवत असतात, नाहीतर फळीवर मांड टाकून क्षितिजाकडे बघत बसलेली असतात. लाटेवर उभं राहणं मोजून दहा-पंधरा सेकंदांचं. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं. ह्यांनी रिझर्व्हेशनच्या रांगेत उभं राहून आयुष्य काढलं, तरी ह्यांनाही हे प्रमाण पटलं नाही.

आणि त्या बसण्यातही मानपान. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या लाटेत दुसऱ्याने शिरणं हे महापातक. शिवाय वर्षानुवर्षं तिथे येणाऱ्या जुन्याजाणत्यांचा मान वेगळा, तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ. एका सकाळी जावई उतावळेपणाने एका सत्तरीच्या आजोबांच्या लाटेत शिरले. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. जावई घरी आले, जेवले नाहीत. लेकीने विचारलं तर म्हणाले, "मी त्यांच्या लाटेत शिरलो गं." आवाज असा की मला वाटलं, नोकरी गेली.

जावई पडतात मात्र देखणे. उजवा पाय पुढे ठेवून उभे राहतात. आपल्याकडे नवी सून उजवं पाऊल पुढे टाकून घरात येते, तिथे असं उभं राहणाऱ्याला गूफी म्हणतात. मग हात पसरतात, गुडघे वाकवतात आणि दिसेनासे होतात. पहिल्या पहिल्यांदा माझा जीव घाबरा व्हायचा. ह्यांनी मला समजावलं की मोठमोठ्यांचं असंच झालंय. मार्क ट्वेन 1866 साली हवाईला गेले होते. त्यांनीही हा प्रयोग केला आणि त्यांची फळी वेळेवर किनाऱ्याला लागली, ते स्वतः तेवढे पाण्याच्या तळाशी राहिले. अगाथा ख्रिस्ती मात्र 1922 साली होनोलुलूला जाऊन खरोखर उभ्या राहिल्या. म्हणजे इतके खून पचवणाऱ्या बाईला जमतं, असं दिसतं. कड्यावरच्या दीपगृहात 1986 पासून या खेळाचं छोटंसं संग्रहालय आहे. तिथे शार्कने लचका तोडलेली एक फळी ठेवलीय. ती बघून माझी दोन रात्रींची झोप गेली. जावई शेजारी उभे राहून ती किती फूट लांब असेल याचा अंदाज बांधत होते.

पण त्या 2023 च्या जुलैत स्टीमर लेनला खरी दहशत शार्कची नव्हती. ती एका पाणमांजरीची होती. पाच वर्षांची मादी, सरकारी नंबर 841. ही बाई पोहत यायची, फळीवर चढायची, बसलेल्याला खाली उतरवायची आणि फळीचा कडेचा भाग कुरतडून खायची. वन्यजीव खात्याची माणसं आणि माँटेरेच्या मत्स्यालयातले तज्ज्ञ तिला पकडायला जाळी घेऊन बोटीतून फिरले. ती सापडली नाही. ती माणसांच्या निगराणीतल्या पाणमांजरीच्या पोटी जन्मलेली होती आणि माणसांना भीत नव्हती. गावाने तिची बाजू घेतली. तिच्या चित्राचे टीशर्ट निघाले, तिला मोकळं राहू द्या अशा मागण्या झाल्या. जावयांच्या गोटात मात्र चिंता होती, कारण मानपानाच्या सगळ्या नियमांत पाणमांजरीची लाट कोणती हे कुठेच ठरलेलं नव्हतं. ती आली की सत्तरीचे आजोबासुद्धा फळी सोडून बाजूला होत. ऑक्टोबरमध्ये ती पोटाशी पिल्लू घेऊन पोहताना दिसली आणि मला सगळा उलगडा झाला. डोहाळे लागले होते हो तिला. चार शास्त्रज्ञांत एक सुईण ठेवली असती तर जाळी घेऊन हिंडायची वेळ आली नसती.

समुद्र सपाट असला की जावई चाकांच्या फळीवर येतात. हेही परंपरेला धरूनच. 1950 च्या दशकात लाटा नसलेल्या दिवशी काय करायचं या विवंचनेतून कॅलिफोर्नियातल्या पोरांनी रोलर स्केटची चाकं लाकडी फळीला ठोकली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने युरेथेनची चाकं बाजारात आणली आणि फळी रस्त्याला धरून पळू लागली. मग 1976-77 मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला, लोकांचे पोहण्याचे हौद कोरडे पडले. आपल्याकडे अशा वेळी टँकरची वाट बघतात. तिथली पोरं परक्यांच्या कुंपणावरून उड्या मारून हौदात उतरली आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर फळ्या चढवू लागली. आजचे स्केट पार्क बांधतात ते त्याच हौदांच्या आठवणीने. आमच्या घराजवळचा डर्बी पार्क 1976 चा.

जमिनीवर सोवळं नाही, पंचांग नाही, केव्हाही जा. धोका मात्र इथेच. डोक्यावरून जाणाऱ्या लाटेतून जावई हसत बाहेर येतात, आणि रस्त्यावर वाटाण्याएवढा खडा चाकाखाली आला की फळी जागच्या जागी थांबते. जावई थांबत नाहीत. एकदा कोथिंबीर आणायला गेले होते. कोथिंबीर आली, मिरच्या आल्या, दोन्ही तळहातांची साल काही आली नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर हेल्मेटची सक्ती 18 वर्षांखालच्यांनाच आहे. म्हणजे पार्कातली चिल्लीपिल्ली डोकी झाकून आणि 38 वर्षांचा बाप्या उघड्या डोक्याने. मी सांगितलं, "हेल्मेट घातल्याशिवाय निघालात तर आज वरण मिळणार नाही." जावई म्हणाले, "आई, मला अरे म्हणा ना." मी म्हटलं, "आधी हेल्मेट." सासूचा कायदा वयाची अट घालत नाही.

पार्कातल्या पोरांत जावयांना मान आहे, पण तो वयाचा. आठेक वर्षांची एक चिमुरडी रोज त्यांना शिकवते. त्यांनी उडी चुकवली की गंभीरपणे म्हणते, गुडघे आणखी वाकवा सर. जमली की सगळी पोरं आपापल्या फळ्या जमिनीवर आपटतात, तीच तिथली टाळी. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, या खेळाचं महिलांचं पहिलं सुवर्ण मोमिजी निशिया या 13 वर्षांच्या जपानी मुलीने घेतलं. त्यामुळे त्या चिमुरडीच्या सूचना जावई निमूटपणे ऐकतात. माझ्या सूचनांना ऑलिंपिकचा आधार नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं आणि जावई समोर असताना ते टाळणं माझ्याने होईना. पीठ मी डोंबिवलीहूनच नेलं होतं. पहिला घाणा तळला तेव्हा धुराचा भोंगा कोकलला, दुसऱ्याला शेजारी विचारून गेले, तिसऱ्यापासून जाळी पडायला लागली. सकाळी दहाची वेळ ठरवली. जावई साडेनऊला समुद्रावरून आले, खळबळून अंघोळ केली, चक्क सदरा-लेंगा घालून पाटावर बसले. मी कुंकू लावलं, ताटात दिवा ठेवला, वाण हाती दिलं. मानत नसले तरी संस्कार चांगले. वाण बाजूला ठेवून ते मला नमस्कार करायला खाली वाकले.

लाटांत बुडालेल्या माणसाच्या नाकाच्या वरच्या पोकळीत समुद्राचं पाणी साठून राहतं आणि तासा-दोन तासांनी तो वाकला की अचानक बाहेर पडतं, ही माहिती मला तोवर कुणी दिली नव्हती. माझ्या दोन्ही पावलांवर ओंजळभर पॅसिफिक आला. कोमट आणि खारट. ह्यांनी शांतपणे मान डोलावली, "पाद्यपूजा झाली." लेक हसून हसून भिंतीला टेकली. जावई "सॉरी आई, सॉरी आई" म्हणत सरळ झाले आणि माझी पावलं पुसायला पुन्हा वाकले. पुन्हा आलं.

वाणातले निम्मे अनारसे दुसऱ्या पहाटे समुद्रावर गेले. पार्किंगमध्ये सत्तरीच्या आजोबांना जावयांनी डबा उघडून दिला. आजोबांनी एक खाल्ला, दुसरा सूटच्या बाहीत सरकवायला बघितला, मग विचार बदलून मोटारीत ठेवला. त्या सकाळी पहिली मोठी लाट आली तेव्हा त्यांनी हाताने खूण करून ती जावयांना दिली. जावई तिच्यावर उभे राहिले आणि लगेच पडले, पण प्रायश्चित्त पूर्ण झालं. आता तिथले चौघे-पाच जण अनारसा म्हणजे काय हे जाणतात आणि पोहण्याआधी खायला बरा असा त्यांचा अभिप्राय आहे.

2026 चा अधिक महिना ज्येष्ठात आहे, 17 मे ते 15 जून. ज्या भगिनींचे जावई समुद्रात जातात त्यांनी वाणासाठी सपाट समुद्राचा दिवस धरावा, पायाशी जुना टॉवेल अंथरावा आणि नमस्काराआधी जावयाला एकदा नाक शिंकरून यायला सांगावं.